ती रिकामी आहे कशावरून?

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.’ पाच शब्द. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला रात्री-अपरात्री उठवायला एवढे पुरतात.

डिस्क भरली की मशीन बंद पडत नाही, हीच खरी गंमत (आणि वैताग) आहे. सर्व्हर पिंगला उत्तर देतो, लॉगिन होतं, जुन्या फाइल्स उघडतात, सगळं कसं छान चाललंय असं वाटतं. फक्त नवीन काही लिहायला गेलं की तोंड वाकडं. लॉग लिहिता येत नाही, म्हणून कुठली तरी सर्व्हिस मरते. डेटाबेसला आपली नोंद ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून तो दार लावून बसतो. आणि एक भारी प्रकार म्हणजे, कमांड अर्धवट टाइप करून टॅब दाबलं तरी कधीकधी एरर येतो! कारण बिचाऱ्या शेललाही ते नाव पुरं करून द्यायला एक टेम्पररी फाइल लागते आणि तेवढीही जागा उरलेली नसते. आजारी माणसाला पाणी मागायलाही आवाज फुटू नये, तसं.

तर मंडळी, आज डिस्क वाढवण्याबद्दल. कमांड लाइनवरून, माउसला हात न लावता. कमांड्स आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशाच लिहितोय, टाइप कशा करायच्या ते तुम्हाला ठाऊक आहेच. आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हा विषय शेवटी डिस्कचा राहत नाही.

जागा संपली असं कळलं की पहिली कमांड डीएफ मायनस एच. कुठला भाग किती भरलाय ते ती सांगते. मग ‘कोणी खाल्लं?’ ते शोधायला डीयू. आता पुष्कळदा असं होतं की डीएफ म्हणतं शंभर टक्के भरलंय, आणि डीयूने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीच भरते. खोटं दोघंही बोलत नसतात. कोणीतरी मोठी लॉग फाइल उडवलेली असते, पण तिच्यात लिहिणारा प्रोग्रॅम अजून चालूच असतो. लिनक्समध्ये फाइल डिलीट केली म्हणजे तिचं नाव जातं. जोवर एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवलीय तोवर तिची जागा सुटत नाही. भाडेकरूचं नाव दारावरच्या पाटीवरून काढलं, पण तो खोलीतच आहे, असा मामला. अशा वेळी एलएसओएफने भाडेकरू शोधायचा आणि तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचा. नवी डिस्क वगैरे काही लागत नाही.

दुसरा प्रकार आयनोडचा. जागा ढीगभर शिल्लक, तरी एरर तोच. फाइल केवढीही चिमुकली असो, तिला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी-फोरमध्ये फॉरमॅट करतानाच आयनोडांची संख्या ठरून जाते. कोणा दिवट्या प्रोग्रॅमने दोन-दोन केबीच्या लाखो फाइल्स बनवल्या की गोदाम रिकामं आणि पावतीपुस्तक संपलेलं. डीएफ मायनस आय म्हटलं की हे दिसतं.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ईएक्सटी-फोर मुळातच ५ टक्के जागा रूट युजरसाठी बाजूला काढून ठेवते. डाळीच्या डब्यात आजी नोटा लपवून ठेवायची ना, तसं. ५०० जीबीवर हे २५ जीबी होतात! डेटाच्या डिस्कवर एवढ्याची गरज नसते. ट्यूनटूएफएस मायनस एम वन म्हटलं की ५ चं १ टक्का होतं आणि २० जीबी जागच्या जागी मोकळी होते. चालू सर्व्हरवर, काही न थांबवता. मात्र हे अडीनडीचं औषध आहे, रोजचं जेवण नव्हे.

हे सगळं बघून झालं आणि डिस्क खरोखरच भरली असेल, तर मग वाढवायची.

सी, डी, ई आणि बांध

आपल्यापैकी बहुतेकांचा डिस्कशी पहिला परिचय घरच्या असेंबल्ड पीसीवर झालेला असतो. आमचा पीसी तापकीर गल्लीतून आला होता. जोडून देणाऱ्याने त्या डिस्कचे तीन तुकडे करून दिले होते. सी मध्ये विंडोज, डी मध्ये बाबांच्या कामाचं, ई मध्ये गाणी आणि पिक्चर. दोन वर्षांत ई ची पट्टी लाल झाली. डी मात्र जवळजवळ रिकामा, कारण बाबांचं काम म्हणजे चार एक्सेल शीट! मग डी मध्ये ‘बाबा’ नावाच्या फोल्डरात ‘मिसलेनियस’ नावाचा फोल्डर, आणि त्याच्या पोटात पिक्चर. घरोघरी हेच.

पार्टिशनचा हाच तर घोळ आहे. ते शेताच्या बांधासारखं असतं. एकदा बांध घातला की इकडचं पाणी तिकडे जात नाही, आणि शेजारचं वावर पडीक असलं तरी तुमचं पीक वाळतं. बांध सरकवता येतो, पण जपून. आणि तो सरकवण्यावरून किती भानगडी होतात ते गावाकडच्यांना सांगायला नको :-)

यावर लिनक्समध्ये उपाय आहे एलव्हीएम. लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. हाइन्ट्स माउल्सहागन या गृहस्थांनी १९९८ मध्ये तो लिनक्ससाठी लिहिला, एचपीच्या युनिक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवर. कल्पना साधी आहे. प्रत्येक डिस्क म्हणजे एक विहीर. सगळ्या विहिरींचं पाणी एका हौदात सोडायचं, आणि लागेल तेवढ्या जाडीचे नळ त्या हौदातून काढायचे. विहिरीला म्हणतात फिजिकल व्हॉल्यूम, हौदाला व्हॉल्यूम ग्रुप, आणि नळाला लॉजिकल व्हॉल्यूम. पाणी कमी पडलं? नवी विहीर जोडा, हौद वाढेल, मग नळ जाड करा. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही की आत किती विहिरी आहेत. आतल्या आत हे सगळं ४ एमबीच्या तुकड्यांत मोजलं जातं, तो आकार आपण बदलला नसेल तर.

एक धोका मात्र पक्का लक्षात ठेवायचा. हौदात दोन विहिरींचं पाणी मिसळलं आणि त्यातली एक गेली, तर नळ पूर्ण बंद. एलव्हीएम जागा वाढवतो, सुरक्षितता वाढवत नाही. दोन डिस्का जोडल्या म्हणजे बिघडू शकणाऱ्या गोष्टी एकाच्या दोन झाल्या. त्यासाठी रेड वेगळं आणि बॅकअप वेगळा. आणि बॅकअप घेतलाय म्हणजे बॅकअप आहे असं नव्हे. तो परत चढवून पाहिला असेल तरच तो आहे.

बाकी जागा पुरत नाही हे दुखणं युनिक्सइतकंच जुनं आहे. लिनक्सवर स्लॅश बिन आणि स्लॅश यूएसआर स्लॅश बिन असे दोन फोल्डर का असतात, असा प्रश्न कॉलेजमध्ये पडला होता. तेव्हा मिळालेलं उत्तर फार तात्त्विक होतं... अत्यावश्यक प्रोग्रॅम इकडे, बाकीचे तिकडे, वगैरे वगैरे. खरी गोष्ट भलतीच घरगुती आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ वर युनिक्स वाढत होतं आणि पहिली डिस्क भरली. तिथे यूएसआर नावाने दुसरी डिस्क लावलेली होती, लोकांच्या स्वतःच्या फाइल्ससाठी. न मावणारे प्रोग्रॅम मग तिच्यावर टाकले गेले. झालं! ती तात्पुरती सोय पुढे अनेक वर्षं सांभाळली गेली, त्यामागे शास्त्र निर्माण झालं, आणि शेवटी २०१२ मध्ये फेडोरा १७ ने दोन्ही फोल्डर एक करून टाकले. पाहुण्यांसाठी काढलेली गादी पाहुणे गेल्यावरही हॉलमध्येच राहावी आणि पुढे तिलाच दिवाण म्हणावं, तसं.

म्हणजे कुठली डिस्क कशासाठी जोडली हे लोक विसरतात. ही परंपरा जुनी आहे. याचा पुढे संबंध येतो.

शनिवार, रात्री ११ ते १

आमचा एक क्लायंट आहे, हॉस्पिटल. नावाला काही महत्त्व नाही. त्यांच्या एका सर्व्हरवर रुग्णांचे केस पेपर स्कॅन करून ठेवतात आणि त्याचा डेटाबेसही तिथेच आहे. डेटाचा भाग ५०० जीबी, ईएक्सटी-फोर, एलव्हीएमवर. भरला होता ९८ टक्के. शिल्लक जेमतेम नऊ-साडेनऊ जीबी. एरवी रोज एखादा जीबी भरतो, म्हणजे आठवडा निघाला असता. पण दर रविवारी रात्री डेटाबेसचा डम्प आधी त्याच डिस्कवर निघतो आणि मग दुसरीकडे जातो. तो साधारण १२ जीबीचा. साडेनवात बारा कसे मावणार? म्हणजे रविवारी रात्री डिस्क भरणार, आणि सोमवारी सकाळी ओपीडीच्या खिडकीवर रांग लागलेली असताना नोंदणी बंद. खिडकीपलीकडच्या माणसाला डीएफ मायनस एच सांगून उपयोग नसतो.

शुक्रवारी मीटिंगमध्ये क्लायंटकडच्या मॅनेजरांनी सगळ्यात सोपा उपाय सुचवला. जुनं उडवा. पाच-सहा वर्षांपूर्वीचे केस पेपर कोण बघतं? आमचे डीबीए काका (वय ४६, पण टीममध्ये सगळे काकाच म्हणतात आणि त्यांनीही आता हार मानलीय) शांतपणे म्हणाले, “साहेब, कोण बघतं ते तुमचे डॉक्टर सांगतील. तसं लेखी द्या, मी उडवतो.” अर्थातच लेखी आलं नाही. ३०० जीबीची नवी डिस्क मंजूर झाली आणि शनिवारी रात्री ११ ते १ अशी वेळ मिळाली.

काम करणार होती आमच्या टीममधली ज्युनियर. कॉलेज संपून वर्ष झालेलं, प्रॉडक्शनवर पहिल्यांदाच हात. स्क्रीन तिची, मी आणि काका फक्त बघणार. ही पद्धत काकांची. ते म्हणतात, बाजूला बसून बघितल्याने स्वयंपाकही येत नाही आणि सर्व्हरही.

सुरुवात तिने चांगली केली. काहीही करायच्या आधी एलएसबीएलके चालवून त्याचं आउटपुट एका फाइलमध्ये ठेवलं. ‘आधी’ नावाने. त्यात तीन डिस्का. एसडीए १०० जीबी, ऑपरेटिंग सिस्टिमची. एसडीबी ५०० जीबी, डेटाची. आणि एसडीसी ३०० जीबी. हिच्यापुढे काहीच नाही. पार्टिशन नाही, माउंट पॉइंट नाही. रकाना कोरा.

इन्फ्रावाल्याने पलीकडून व्हर्च्युअल मशीनला नवी डिस्क जोडली. सर्व्हर रीस्टार्ट न करता ती दिसावी म्हणून स्कझीच्या बसला ‘पुन्हा बघ’ सांगावं लागतं. स्कॅन नावाच्या एका फाइलमध्ये तीन डॅश लिहायचे, मध्ये स्पेस देऊन. चॅनल कुठलाही, टार्गेट कुठलंही, लन कुठलाही, असा त्याचा अर्थ. मला ही कमांड फार आवडते. तीन रेघा ओढायच्या आणि सर्व्हर दाराबाहेर डोकावून येतो, कोणी नवं आलंय का ते.

पुन्हा एलएसबीएलके. आता एसडीडी आली. ३०० जीबी, रकाना कोरा. म्हणजे ३०० जीबीच्या दोन डिस्का शेजारीशेजारी, दोन्हींचे रकाने कोरे.

कॉलवर क्लायंटचे मॅनेजर होतेच. त्यांना इन्फ्रावाल्याने सांगितलं की एक ३०० ची डिस्क आधीपासून जोडलेली आहे, वापरात दिसत नाही. ते खूश. “अरे वा, मग दोन्ही घेऊन टाका की! सहाशे होतील. दोन वर्षं बघायला नको.”

खरं सांगायचं तर यात चूक काय, असंच कोणालाही वाटेल. पैसे भरलेली डिस्क नुसती पडून आहे, वापरा. रात्रीचे साडेअकरा झालेत, सगळ्यांना झोपायचंय. कॉल क्षणभर शांत झाला. आणि ही मुलगी म्हणाली,

“सर, पण ती रिकामी आहे कशावरून?”

“अगं, लिहिलंच नाहीये ना काही पुढे.”

“पुढे लिहिलं नाहीये म्हणजे ती लावलेली नाहीये. रिकामी आहे असं नाही ना होत?”

काका म्युटवर होते. अनम्युट होऊन फक्त “बघ” म्हणाले.

आता बघायचं कसं, तर वाइपएफएस नावाची एक कमांड आहे. नाव ऐकून धडकी भरते, पण कुठलाही ऑप्शन न देता चालवली तर ती काही पुसत नाही. डिस्कवर आधीच्या कोणाच्या खुणा आहेत तेवढं सांगते. एसडीडीवर चालवली. काही नाही, कोरी करकरीत. एसडीसीवर चालवली. एक ओळ आली. एक्सएफएस.

म्हणजे पार्टिशन न करता अख्ख्या डिस्कवर कोणीतरी, कधीतरी फाइल सिस्टिम घातली होती. नाव (लेबल) दिलेलं नाही, एफएसटॅबमध्ये नोंद नाही, कुठल्याही कागदावर उल्लेख नाही.

काका म्हणाले, “रीड-ओन्ली लाव. नोरिकव्हरी पण दे. एक बिटसुद्धा लिहायचा नाही तिच्यावर.” एक्सएफएस नीट बंद झालेली नसेल तर माउंट होताना आपला जुना हिशेब पुरा करायला बघते, म्हणजे लिहायला बघते. नोरिकव्हरी दिलं की जशी आहे तशीच दाखवते.

तिने लावली. एलएस केलं. पाच फोल्डर.

२००९. २०१०. २०११. २०१२. २०१३.

आत महिने, महिन्यांच्या आत दिवस, आणि त्यांच्या आत टिफ फाइल्स. दोनशे जीबीच्या वर केस पेपर. तिने त्यातली एकही फाइल उघडली नाही, उघडायची नसतेच. फाइलच्या नावातले आकडे काकांनी ओळखले. तो रुग्णांचा नोंदणी क्रमांक होता.

कॉलवर कोणी काही बोललं नाही. मॅनेजरही.

काकांनी डेटाबेसमध्ये त्या वर्षांच्या नोंदी काढल्या. नोंदी होत्या, पण फाइलचा पत्ता कुठल्या तरी जुन्या सर्व्हरचा, जो आता अस्तित्वातच नाही. मागे कधीतरी सर्व्हर बदलताना कोणीतरी हे सगळं या डिस्कवर उतरवून ठेवलं असणार. नंतर नीट लावू म्हणून. आणि मग ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. तो माणूस प्रोजेक्टमधून गेला असेल, व्हेंडर बदलला असेल. कोण होता, आता कळणार नाही. पण त्याने उतरवून ठेवलं, हेही काही कमी नाही.

एका अक्षराचा प्रश्न

समजा तिने विचारलं नसतं, तर? मी नंतर या प्रश्नावर बराच विचार केला. लिनक्स विचारतच नाही असं नाही, विचारतो. पीव्हीक्रिएट चालवल्यावर तो सांगतो की इथे एक्सएफएसची खूण दिसतेय, पुसू का? वाय की एन? पण हा प्रश्न कधी येतो ते बघा. आपण डिस्क रिकामी आहे असं मनात ठरवून, कमांड लिहून, एंटर मारून झाल्यावर. रात्री साडेअकराला, सहा जण कॉलवर ताटकळत असताना. तेव्हा तो प्रश्न प्रश्न राहत नाही, रस्त्यातला स्पीड ब्रेकर होतो. आणि स्क्रिप्टमधून चालवताना तर लोक उत्तर आधीच देऊन ठेवतात, मायनस वाय. हो, हो, हो. काय विचारलंस ते न ऐकताच हो.

म्हणजे मशीनने विचारलेल्या प्रश्नावर फार भिस्त ठेवता येत नाही. आपला प्रश्न त्याच्या आधी पडायला हवा. आणि तो बहुधा नवख्या माणसालाच पडतो, कारण कोरा रकाना म्हणजे रिकामी डिस्क हे त्याला अजून ‘माहीत’ झालेलं नसतं.

असो. पुढचं काम सरळ होतं, म्हणून भराभर सांगतो.

एसडीडी हीच नवी डिस्क, याची खात्री दोन बाजूंनी केली. एक म्हणजे ‘आधी’ची फाइल, तिच्यात एसडीडी नव्हती. दुसरं म्हणजे स्कझीचा पत्ता. एलएसबीएलके मायनस मोठा एस चालवलं की प्रत्येक डिस्कचा पत्ता दिसतो. इन्फ्रावाल्याने त्याच्याकडचा नंबर वाचला, तिने तिच्याकडचा वाचला. जुळले. एसडीसी, एसडीडी ही नावं सापडण्याच्या क्रमाने मिळतात, रीस्टार्टनंतर बदलूही शकतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नये.

मग तिच्यावर एकच पार्टिशन केलं, अख्ख्या डिस्कचं, प्रकार लिनक्स एलव्हीएम. तसं पार्टिशन न करताही अख्खी डिस्क एलव्हीएमला देता येते, आणि पुढे ती डिस्कच मोठी करायची झाली तर एक पायरी वाचते. पण मग जी टूल्स फक्त पार्टिशन टेबल बघतात त्यांना ती डिस्क कोरी दिसते. त्या रात्री कोऱ्या दिसणाऱ्या डिस्कांचा कोटा संपला होता :-)

पीव्हीक्रिएट, एसडीडी-वनवर. विहीर खणली. व्हीजीएक्सटेंड. हौदाला जोडली. व्हीजीएस चालवून बघितलं, ३०० जीबी मोकळे दिसले. मग एलव्हीएक्सटेंड, मायनस छोटा एल, प्लस शंभर टक्के फ्री, आणि जोडीला मायनस आर. हे मायनस आर फार कामाचं. त्याच्याविना नळ जाड होतो, पण फाइल सिस्टिमला ते कळतच नाही, आणि मग डीएफ जुनाच आकडा दाखवतो म्हणून लोक अर्धा तास डोकं खाजवत बसतात. आर दिलं की एलव्हीएम स्वतःच रिसाइझटूएफएस चालवून फाइल सिस्टिमही वाढवतो, तेही चालू सर्व्हरवर.

आणि तो प्लस! एलव्हीरिसाइझमध्ये मायनस एल प्लस ३०० जी म्हणजे ‘आणखी ३०० दे’. प्लस विसरलं तर ‘एकूण ३०० कर’. ५०० चं ३०० कर असा अर्थ झाला ना! म्हणून वाढवायचं असेल तेव्हा एलव्हीएक्सटेंडच वापरावं. ते फक्त वाढवतं, कमी करायला सांगितलं तर सरळ नकार देतं.

तिने सगळी कमांड लिहिली, एंटरवरचं बोट उचललं, कमांड मोठ्याने वाचली आणि मग एंटर मारला. दोन-चार सेकंद गेले असतील. डीएफ मायनस एच. ८०० जीबी, ६१ टक्के. हुश्श! रोजच्या एका जीबीने अजून नऊ-दहा महिने. १२ वाजून २० मिनिटं झाली होती. ट्यूनटूएफएसचे २० जीबी खिशात तसेच राहिले.

सोमवार

सोमवारी काकांनी रेकॉर्ड रूममधल्या ताईंना फोन केला. त्यांना काही न सांगता एवढंच विचारलं, की २०१३ च्या आधीचा केस पेपर मागायला कोणी आलं तर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, “काय करणार? जुनं रेकॉर्ड मिळत नाही असं सांगतो. काही लोक भांडतात. काही दोन-तीनदा येऊन बघतात, मिळालं का म्हणून.” आणि मग म्हणाल्या, “का हो, मिळालं की काय?”

काकांनी हे आम्हाला दुपारच्या चहाला सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना ते थोडे थांबले. मॅनेजरांनी शुक्रवारी विचारलं होतं ना, जुने पेपर कोण बघतं? हे लोक बघतात. एखाद्याचं जुनं ऑपरेशन असतं, एखादीची गाठ मागच्यापेक्षा वाढलीय का ते डॉक्टरांना ताडून पाहायचं असतं. आमच्या लेखी ते ३०० जीबी होते. त्यांच्यासाठी ते एक पान असतं.

त्या डिस्कची आधी पूर्ण कॉपी काढली. मग ती रीतसर लावली, एफएसटॅबमध्ये नोंद करून. नोंद एसडीसी नावाने नाही, यूयूआयडीने, कारण तो बदलत नाही. जोडीला नोफेल, म्हणजे उद्या ती डिस्क मिळाली नाही तर सर्व्हर बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसणार नाही. आणि नोंद केल्यावर रीस्टार्टची वाट न बघता लगेच माउंट मायनस ए. नोंद चुकली असेल तर ते आत्ता कळावं, सहा महिन्यांनी पहाटे वीज गेल्यावर नको. डेटाबेसमधले पत्ते सुधारायला काकांना पुढचे दोन आठवडे लागले.

एवढ्या सगळ्यात मला जाणवलं ते हे. डिस्क जोडणं आता फार सोपं झालंय. १९५६ मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फुटी ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायची ५० लाख अक्षरं. ती कुठे ठेवलीय हे कोणी विसरणं शक्यच नव्हतं, कारण खोलीत शिरलं की तीच आडवी यायची! आता इन्फ्रावाला दोन क्लिक करतो आणि ३०० जीबी येतात. जागा इतकी सहज आली की तिच्यात काय ठेवलंय हे लिहून ठेवायची सवय सुटते. आईच्या फडताळातल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असतं, कारण तिला माहितीय की उद्या डबा दुसरं कोणीतरी उघडणार आहे.

आमच्या टीममध्ये त्यानंतर एक साधी गोष्ट सुरू झाली. फाइल सिस्टिमला लेबल देणं. ईएक्सटी-फोरला ई-टू-लेबल, एक्सएफएसला एक्सएफएस-अॅडमिन मायनस मोठा एल. ईएक्सटी-फोरमध्ये १६ अक्षरं मिळतात, एक्सएफएसमध्ये फक्त १२. पण बारा अक्षरांत बरंच सांगता येतं. एलएसबीएलके मायनस एफ म्हटलं की ते नाव डिस्कच्या पुढे दिसतं. आणि रूटच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल, कुठली डिस्क कधी, कोणी, कशासाठी लावली ते लिहिलेली. दहा ओळींची असेल.

ती फाइल सुरू केली त्या मुलीनेच. पहिल्या नोंदीत एसडीसीसमोर तिने वर्षं लिहिली, मजकूर लिहिला, आणि खाली मराठीत एक ओळ घातली: ‘रिकामी नाही. विचारल्याशिवाय हात लावू नये.’

तुमच्याकडेही अशी एखादी कोऱ्या रकान्याची डिस्क असेल. येत्या आठवड्यात कधीतरी वाइपएफएस चालवून बघा. ऑप्शन न देता, बरं का!